घर घेताना वकिलाची फी वाचवू नका. मी वाचवली होती.

मागच्या रविवारी बॅच संपल्यावर एक मुलगा थांबला. टिफिनचा व्यवसाय करतो, रोजचे ७० डबे जातात, चांगलं चाललंय. म्हणाला, "ताई, फ्लॅट घेतोय. रिसेलचा आहे, ४२ लाखांत ठरलाय. एक लाख टोकन दिलं. एजंट म्हणतो वकील कशाला, बँक सगळं बघते. तुमचं काय मत?"

माझं मत मी त्याला तिथेच सांगितलं. पण हा प्रश्न मला वर्षातून पंधरा-वीस वेळा तरी येतो, आणि दर वेळी वाक्य तेच असतं, "बँक बघते की". म्हणून आज जरा सविस्तर लिहिते. व्यवसायाच्या ब्लॉगवर घराचं काय काम, असं कुणाला वाटेल. काम आहे. आपल्यासारख्या छोट्या दुकानदाराकडे बँकेत गहाण ठेवायला दुसरं असतं काय? मशीन जुनं, माल उधारीवर गेलेला, दुकान भाड्याचं. मुद्रासारखी बिनतारण कर्जं आहेत, ती घ्यावीतच. पण धंदा त्या मर्यादेच्या पुढे गेला की बँकवाला समोर बसून विचारतो, "प्रॉपर्टी आहे का नावावर?" तेव्हा घराची फाईल बाहेर निघते. आणि फाईलमध्ये काय आहे ते तेव्हा कळतं. माझं तसंच झालं.

२०१७ साली आम्ही नाशिकमध्ये रिसेलचा वन बीएचके घेतला. वडिलांच्या रिटायरमेंटचे पैसे, माझी दुकानातली शिल्लक आणि थोडं पतसंस्थेचं कर्ज. एजंटच्या ओळखीचे एक वकीलसाहेब होते. त्यांनी साडेतीन हजारांत खरेदीखत टाईप करून दिलं, दुय्यम निबंधक कार्यालयात उभे राहिले, अंगठे-फोटो झाले, आम्ही पेढे वाटले. दुसऱ्या एका वकिलांनी सर्च आणि टायटल रिपोर्टचे बारा हजार सांगितले होते. मी बीबीए केलेली बाई, दुकान चालवणारी, मला वाटलं बारा हजारांत काऊंटरला ग्रॅनाईट बसेल. बसवला.

२०२२ मध्ये मला पॅकेजिंगच्या मालासाठी गोडाऊन घ्यायचं होतं. केक बॉक्स, मिठाईचे बॉक्स, कंटेनर, दिवाळीच्या आधी हा माल भरावा लागतो. घर तारण ठेवून १८ लाखांचं कर्ज मागितलं. बँकेच्या वकिलाने फाईल परत पाठवली. कारण काय, तर आम्हाला विकणाऱ्या माणसाने तो फ्लॅट २००९ मध्ये ज्याच्याकडून घेतला, त्या माणसाच्या हातात पूर्ण मालकी नव्हतीच. मूळ मालक त्याचे वडील. ते वारले, आई आधीच गेलेली, मृत्युपत्र नाही. सोसायटीत नॉमिनी म्हणून मुलाचं नाव होतं, सोसायटीने शेअर सर्टिफिकेट त्याच्या नावावर केलं, आणि त्याने ते दाखवून फ्लॅट विकला. त्याला दोन बहिणी होत्या. त्यांची सही कुठेच नव्हती.

इथे थांबून एक गोष्ट समजून घ्या, कारण आपल्याकडे निम्मे घोळ ह्याच जागी होतात. नॉमिनी म्हणजे मालक नाही. नॉमिनी म्हणजे सोसायटीने कुणाशी पत्रव्यवहार करायचा, कुणाच्या नावे तात्पुरतं ठेवायचं, एवढंच. मालकी वारसांची. वडिलांनी स्वतः कमावलेली मिळकत असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासूनच मुलीचा वाटा मुलाइतका आहे. लोक म्हणतात मुलींना २००५ नंतर हक्क मिळाला. ते वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीबद्दल. स्वकष्टार्जित घरात तो आधीपासूनच होता.

तर त्या दोन बहिणी शोधायच्या. एक नाशिकरोडला सापडली, दुसरी सुरतला. पहिलीने चहा पाजला आणि म्हणाली भावाने विकलं हे आम्हाला माहीत होतं, सही करते. दुसरीच्या नवऱ्याने विचारलं, "आम्हाला काय?" मला राग आला होता, पण खरं सांगू का, त्यांचं चुकलं काय? बाईचा एक तृतीयांश हिस्सा परस्पर विकला गेला होता. शेवटी दोन लाखांवर तडजोड झाली. त्या जुन्या विक्रीला मान्यता आणि आपला हक्क सोडल्याचा नोंदणीकृत दस्त दोघींनी करून दिला. सात महिने गेले. त्या वर्षीची दिवाळी मी जुन्याच जागेत, निम्म्या मालावर काढली. दोन मोठी मिठाईची दुकानं दुसऱ्या सप्लायरकडे गेली, त्यातलं एक अजून परत आलेलं नाही.

साडेतीन हजारवाल्या वकीलसाहेबांना मी फोन केला होता. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही मला दस्त करायला सांगितला होता. सर्च करायला कुठे सांगितलं?" बरोबर होतं त्यांचं. मी सांगितलंच नव्हतं.

"रजिस्टर झालंय म्हणजे क्लिअर आहे ना?"

नाही. हा गैरसमज शिकलेल्या लोकांत जास्त आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे स्थावर मिळकतीची खरेदी नोंदवावी लागते, न नोंदवलेल्या खरेदीखताने मालकी येत नाही. पण नोंदणी झाली म्हणजे विकणारा खरा मालक होता, असं सरकार सांगत नाही. दुय्यम निबंधक माणसं ओळखतो, मुद्रांक शुल्क बघतो, कागद पद्धतशीर आहे का बघतो. तीस वर्षांची मालकी तपासायला तो बसलेला नाही. माझ्या केसमध्ये २००९ चा दस्त व्यवस्थित नोंदवलेला होता. आणि तरी तो अर्धवट होता.

असंच दुसरं, कुलमुखत्यारपत्रावर घर घेणं. "पॉवर ऑफ ॲटर्नी आणि ताबा मिळतोय, स्टॅम्प ड्युटी वाचते" असं कुणी सांगितलं तर उठून या. सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये सूरज लॅम्पच्या निकालात स्पष्ट सांगितलंय की अशा व्यवहाराने मालकी जात नाही. मालक परदेशात आहे म्हणून त्याच्या वतीने त्याचा भाऊ नोंदणीकृत खरेदीखतावर सही करतोय, ते वेगळं. तिथेही ते मुखत्यारपत्र चालू आहे का, मालक हयात आहे का, विकायचा अधिकार त्यात दिलाय का, हे वकिलाने बघायला हवं.

आता "बँक बघते की".

बँक बघते, हे खरं. पण कुणासाठी बघते? बँकेच्या पॅनेलवरचा वकील बँकेला उत्तरदायी असतो. फी तुमच्या खात्यातून कापली तरी रिपोर्ट बँकेचा. पुष्कळदा तुम्हाला तो वाचायलाही मिळत नाही. त्याला बघायचं असतं की उद्या तुम्ही हप्ते थकवले तर ह्या घरातून बँकेचे पैसे वसूल होतील का. तुमच्या साठेखतात ताब्याची तारीख नीट आहे का, पार्किंग खरंच तुमचं आहे का, विकणाऱ्याची मेंटेनन्सची थकबाकी कोण भरणार, व्यवहार फिसकटला तर टोकन परत मिळणार का, ह्याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

आणि वेळ बघा. बँकेचा वकील फाईल कधी उघडतो? तुम्ही टोकन दिल्यावर, बऱ्याचदा साठेखत नोंदवून स्टॅम्प ड्युटी भरल्यावर. तेव्हा त्याने "नाही" म्हटलं तर बँक सुटली, अडकलात तुम्ही.

एजंटचा मला राग नाही, चांगले एजंट मी पाहिलेत. पण त्याचे पैसे व्यवहार झाला तरच मिळतात. वकिलाची फी व्यवहार मोडला तरी द्यावी लागते. म्हणूनच वकिलाचा सल्ला जास्त भरवशाचा. फक्त तो वकील तुमचा हवा. एजंटने आणलेला, विकणाऱ्याचाही तोच आणि बिल्डरचाही तोच, असा नको. एकाच काऊंटरवर दोन्ही बाजूंची बिलं फाडणारा हिशोबनीस तुम्ही दुकानात ठेवाल का?

पैशाचं गणित मांडते, कारण शेवटी सगळे तिथेच अडतात. त्या मुलाचा ४२ लाखांचा फ्लॅट. आपल्याकडे मुद्रांक शुल्क गाव-शहराप्रमाणे आणि स्थानिक सेसप्रमाणे बदलतं. ६ टक्के धरू, झाले २ लाख ५२ हजार. नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार, म्हणजे ३० हजार. एजंट १ टक्का म्हणतोय, ४२ हजार. हे सव्वातीन लाखांच्या आसपास तो न कुरकुरता देणार आहे. आणि वकिलाच्या १५ हजारांसाठी मला विचारायला थांबला. (घर बाईच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, त्याच्या बाबतीत ४२ हजार. आई किंवा बायकोच्या नावावर घ्यायचा विचार कर म्हटलं, वकिलाची फी त्यातूनच निघेल. पण फक्त सवलतीसाठी नाव लावू नका. ज्याचं नाव, त्याचं घर, हे मनाशी पक्कं करून लावा.)

मुद्रांक शुल्क तुम्ही ठरवलेल्या किमतीवर किंवा रेडी रेकनरच्या किमतीवर, जी जास्त असेल तिच्यावर लागतं. त्यामुळे "कागदावर कमी दाखवू, बाकी रोख देऊ" ह्यात वाटतं तेवढं वाचत नाहीच. शिवाय घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला आयकर कायद्यात तेवढ्याच रकमेचा दंड आहे. आपण धंदेवाले लोक, आपल्या बुकात सगळं बसायला हवं. उद्या तेच घर तारण ठेवताना कागदावरची किंमत कमी, तर हे पण लक्षात ठेवा. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची, म्हणजे तुमची. हे सीएला विचारा, वकिलाकडे सोडू नका.

मग वकील नक्की काय करतो?

सोप्या भाषेत, तो घराची वंशावळ काढतो. साधारण तीस वर्षं मागे जाऊन कुणी कुणाला विकलं, प्रत्येक हस्तांतराचा दस्त आहे का, मधे कुणी वारलं असेल तर वारस कोण, त्यांनी सह्या केल्यात का. जमिनीचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, इमारतीचा मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र. कुठे कर्जाचा बोजा आहे का, कोर्टात दावा आहे का. मग वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, साधारण चौदा-पंधरा दिवसांची, की कुणाचा हक्क असेल तर कागदपत्रांसह कळवा. माझ्या वेळी ती नोटीस दिली असती तर नाशिकरोडच्या ताईंनी नक्की वाचली असती, त्या स्वतः मला म्हणाल्या, आम्ही रोज पेपर घेतो.

ह्यातलं थोडं तुम्ही स्वतः करू शकता, आणि टोकन द्यायच्या आधी करा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साईटवर ई-सर्चमध्ये जाऊन जुने दस्त शोधता येतात. सूची क्रमांक दोन, ज्याला आपण इंडेक्स टू म्हणतो, तिथे दिसते. विकणाऱ्याचं नाव त्यात घेणारा म्हणून आहे का, एवढं बघायला अर्धा तास लागतो. त्याच्या आधीचा दस्त पण बघा. पण हे बघून "मी सर्च केला" असं समजू नका. जुन्या नोंदींमध्ये नावं चुकलेली असतात, सर्व्हे नंबर बदललेले असतात. ते काम करणाऱ्यालाच कळतं.

एक शब्द ऐकू येतो, कन्व्हेयन्स. त्याचे आपल्याकडे दोन अर्थ आहेत आणि लोक गोंधळतात. एक तुमच्या फ्लॅटचं खरेदीखत. दुसरा, इमारतीखालची जमीन बिल्डरने सोसायटीच्या नावावर करून देणं. फ्लॅट तुमच्या नावावर आणि जमीन अजून बिल्डरच्या किंवा जुन्या मूळ मालकाच्या नावावर, अशा सोसायट्या पुष्कळ आहेत. १९६३ च्या मोफा कायद्याने ती करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. तो देत नसेल तर सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्ससाठी, अर्ज करू शकते. जुन्या इमारतीत घर घेत असाल तर सेक्रेटरीला हा एक प्रश्न विचाराच, कारण उद्या पुनर्विकासाच्या वेळी सगळं इथे अडतं. जमीन नावावर नसेल म्हणून घर घेऊच नका असं मी म्हणत नाही. किंमत ठरवताना ते धरा. नाशिक-पुण्याकडे बऱ्याच इमारतींत सोसायटी नसून अपार्टमेंट असते, तिथे डीड ऑफ अपार्टमेंट झालंय का ते बघायचं.

वकील निवडायचा कसा, ह्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

पहिलं, मामाचा मुलगा वकील आहे हे कारण पुरेसं नाही. तो फौजदारीत हुशार असेल, जामीन मिळवून देईल. टायटलचं काम वेगळं. दाताच्या डॉक्टरकडे गुडघा दाखवत नाही आपण. "सॉलिसिटरच हवा का?" असंही विचारतात. सॉलिसिटर ही मुळात मुंबईची परंपरा, तिथल्या बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची वेगळी परीक्षा देऊन ती पदवी मिळते. मोठ्या व्यवहारांना चांगलंच. पण साध्या फ्लॅटसाठी मिळकतीचं काम रोज करणारा तुमच्या तालुक्यातला वकील पुरतो, किंबहुना तिथले सर्व्हे नंबर आणि तिथले जुने घोळ त्यालाच तोंडपाठ असतात.

दुसरं, जाहिरातीवरून शोधू नका. बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना जाहिरात करायलाच मनाई आहे. मग "नंबर वन प्रॉपर्टी लॉयर" असं रिल करणाऱ्याबद्दल काय समजायचं ते तुम्ही समजा. विचारपूस करा. तुमचा सीए, नुकतंच कन्व्हेयन्स करून घेतलेल्या सोसायटीचा सेक्रेटरी, कर्ज विभागात काम करणारं ओळखीचं कुणी. तीन जणांकडून एकच नाव आलं की भेटायला जा.

भेटल्यावर मी काय विचारते ते सांगते. सर्च तुम्ही स्वतः करता की माणूस पाठवता? माणूस पाठवत असतील तर हरकत नाही, पण रिपोर्टवर सही तुमची असेल ना? विकणाऱ्याचं किंवा ह्या बिल्डरचं काम तुम्ही कधी केलंय का? फी ठोक आहे की टक्क्यांत, आणि त्यात जाहीर नोटीस, सर्चची सरकारी फी, साठेखत, खरेदीखत, कार्यालयात हजर राहणं, यातलं काय काय आलं? हे सगळं व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्या. चिडला तर दुसरा बघा. आपण गिऱ्हाईकाला कोटेशन देतो, मग आपण मागितलं तर त्यात अपमान कसला?

लिहून घ्यायचं आणखी एक कारण आहे. मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही. म्हणजे वकिलाने हलगर्जी केली तर ग्राहक मंचात जाता येणार नाही. गैरवर्तनासाठी बार कौन्सिल आहे, नुकसानीसाठी दिवाणी कोर्ट आहे, पण ते रस्ते लांबचे. त्या निकालावर माझं मत काही फार चांगलं नाही. ज्याच्या शब्दावर माणूस आयुष्याची कमाई लावतो, त्याच्याविरुद्ध स्वस्तातली दाद नसावी हे मला पटत नाही. पण कायदा आहे तो असा आहे. तेव्हा सहीचा रिपोर्ट हातात हवाच, तोंडी "ओके आहे" चालणार नाही.

उलटी बाजू पण सांगते. काही वकील घाबरवतात. मी दुकानाच्या मागचा गाळा बघत होते तेव्हा एकांनी मला अकरा हरकती लिहून दिल्या आणि घेऊ नका म्हणाले. दुसऱ्यांना दाखवल्या, त्यातल्या नऊ नुसत्या कागद जोडण्याच्या होत्या. तेव्हापासून मी प्रत्येक हरकतीवर विचारते, हे दुरुस्त होतं का? कुणी करायचं, कुणाच्या खर्चाने, आणि माझा कितवा हप्ता देण्याआधी? ह्याची उत्तरं देणारा वकील धंदा करणाऱ्या माणसाच्या कामाचा.

नवीन प्रोजेक्टमध्ये घेत असाल तर थोडी मोकळीक आहे. महारेराच्या साईटवर प्रोजेक्टची माहिती आणि बिल्डरच्या वकिलाचा टायटल रिपोर्ट असतो. नोंदणीकृत करारनाम्याशिवाय बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही, हे लक्षात ठेवा, "आधी २० द्या मग करारनामा" म्हणाला तर नाही म्हणा. तिथे पैशाची ओढाताण असेल तर फक्त करारनामा वाचायला वकिलाला पैसे द्या. पण रिसेलमध्ये पूर्ण सर्च सोडू नका, मी पुन्हा सांगते.

तो टिफिनवाला मुलगा बुधवारी दुकानात आला होता. विसारपावती दाखवायला. एक लाख रुपये, विकणाऱ्याची सही, तारीख, एवढंच. टायटलमध्ये दोष निघाला तर पैसे परत, असा एक शब्द त्यात नाही. मी माझ्या वकिलांचा नंबर दिला. त्यांनी आधी नवीन पावती लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या, मग सर्चला सुरुवात केली. विकणाऱ्याने सही दिली हे चांगलं लक्षण आहे. फ्लॅट त्याच्या वडिलांच्या नावावरून आलाय, हे मात्र परवा कळलं. बहिणी किती आहेत ते विचारायला तो आज संध्याकाळी जाणार आहे.